‘पुरात गेलं’ ते कुठे शोधायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे तिशीतले, मूळचे अमरावतीचे, नोकरीला बंगळुरूला. त्यांच्या आजीची धाकटी बहीण लग्न होऊन पुण्यात नारायण पेठेत आली. १९६१च्या पानशेतच्या पुरात तिचं बिऱ्हाड गेलं. आज ती मावशीआजी सहकारनगरात राहते. यांना त्या पुरावर कादंबरी लिहायची आहे. ‘पण मी पुण्याचा नाही आणि त्या काळातलाही नाही. संशोधन कुठून सुरू करू, किती करू? की सरळ एखादं काल्पनिक शहर घेऊ?’

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सोपा आहे. काल्पनिक शहर नको. काल्पनिक गाव कधी घ्यावं? गोष्ट कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी घडू शकते तेव्हा. दोन भावांमधला बांधाचा तंटा, दूध सोसायटीची निवडणूक, बदलून आलेली मास्तरीण. तिथे खरं गाव उलट अडचणीचं होतं, लोक पुस्तकात आपापले काका शोधत बसतात. तुमची गोष्ट मात्र एका ठरावीक नदीच्या ठरावीक उताराला बांधलेली आहे. वर आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण, काम पुरतं संपण्याआधी पहिल्याच पावसाळ्यात भरलेलं. त्याच्या खाली मुठेवर खडकवासल्याचं एकोणिसाव्या शतकातलं दगडी धरण. आणि त्याच्याही खाली पंधरा-वीस किलोमीटरवर नदीला खेटून वसलेल्या पेठा. हे सगळं उचलून तुम्ही एखाद्या ‘सुवर्णपुरा’त नेलंत तर वाचक तिसऱ्या पानावर म्हणेल, ‘हे पुणंच की!’ आणि पुढची तीनशे पानं लेखकाने नाव का लपवलं याचाच विचार करेल.

मी स्वतः पाळतो तो नियम असा: गल्ली खरी, वाडा खोटा. ओंकारेश्वर, लकडी पूल, नवा पूल, शनिवारवाडा जिथे आहेत तिथेच राहू द्या. तुमच्या पात्रांचा वाडा मात्र दोन खऱ्या वाड्यांच्या मध्ये घुसवा. त्याला चौक द्या, आड द्या, मालक द्या, पण कुणाच्या खऱ्या वाड्याचं नाव देऊ नका. पुण्यात वाड्यांचे वारस अजून कोर्टात आहेत, त्यांना तुमची कादंबरी पुरावा म्हणून मिळायला नको.

पण ‘पुणे’ म्हटलं म्हणजे ठिकाण ठरलं असं नाही. त्या दिवशी कोण कुठे उभा होता, यावर त्याला काय आणि कधी कळलं हे ठरतं. कादंबरीचा अर्धा ताण ‘कुणाला कधी कळलं’ यातच असतो. ११ जुलैच्या रात्री पानशेतच्या बांधावर जवान वाळूची पोती रचत होते. त्यांना समोर दिसत होतं की धरण जाणार. १२ जुलैला सकाळी ते गेलं, पाण्याचा लोंढा खडकवासल्यावर आला, तेही फुटलं. पाणी शहरात शिरलं ते दिवसाउजेडी, भर कामाच्या दिवशी. वार होता बुधवार. म्हणजे पोती रचणारा जवान, धरणाच्या कामावरचा मजूर, खडकवासल्याजवळच्या गावातला शेतकरी, पेठेतली गृहिणी आणि कँपातला कारकून, या प्रत्येकाचा पूर वेगळ्या वेळी सुरू झाला. बांधावरच्या माणसाची कादंबरी ही ‘माहीत आहे पण काही करता येत नाही’ची असेल. पेठेतल्या बाईची ‘कळलं तेव्हा मोरीतून पाणी वर येत होतं’ची असेल. दोन्ही एकाच पुस्तकात घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण कणा एकच ठेवा. नवे लेखक पाचही ठिकाणी कॅमेरा लावतात, आणि मग कुठल्याच घरात आपण नीट राहत नाही.

ठिकाण निवडताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: ही जागा माझ्या माणसाला काय करू देत नाही? ती जागा सुंदर आहे का, तिला इतिहास आहे का, हे नंतर. माणसाला अडवत नसेल ती जागा नुसती चित्रातली. पेठेतला भाडेकरूंचा वाडा घ्या. एक नळ, त्याला ठरावीक वेळ पाणी. एक दिंडी दरवाजा, म्हणजे कोण कधी आलं-गेलं हे सगळ्यांना माहीत. खाली दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं, वर माडीवर मालक. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जिथल्या तिथे गोठलेली. मालकाला भाडेकरू नको झालेला, भाडेकरूला दुसरीकडे जाणं परवडत नाही, आणि दोघांना एकमेकांच्या स्वयंपाकाचा वास रोज येतो. हे झालं पुराच्या आधीचं. आता पाणी आणा. खालची सगळी बिऱ्हाडं कुठे जाणार? माडीवर. ज्या माडीवर बारा वर्षांत हळदीकुंकवापलीकडे कुणी पाऊल ठेवलं नाही, तिथे आता सहा घरांची माणसं, त्यांची तान्ही पोरं, सोवळ्याची सासू आणि भिजलेली गादी. हा प्रसंग मी रचलेला नाही. जागेतच तो होता, पाण्याने फक्त वर आणला.

आणि त्याच्या पुढचं तर त्याहून मोठं. पुण्यातल्या जुन्या वाड्यांचं जोतं दगडाचं, पण वर लाकडी चौकट आणि विटा-मातीच्या भिंती. पाण्यात तासन्‌तास उभ्या राहिलेल्या भिंती पाणी ओसरल्यावर खचल्या. पुण्याच्या भाषेत, वाडा बसला. वाडा बसला की बिऱ्हाडही गेलं, आणि बिऱ्हाडाबरोबर भाडेकरूचा जागेवरचा पायही सुटला. मालकाचं जे काम कोर्टात वर्षानुवर्षं झालं नसतं, ते नदीने एका दुपारी करून टाकलं. पूरग्रस्तांना पुढे शहराच्या कडेला, पर्वतीच्या पायथ्याशी, सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर भागात जागा मिळाल्या. पूरग्रस्तांच्या शंभरावर सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या. पेठेत तीन पिढ्या राहिलेली माणसं एकदम मोकळ्या माळावर, वेगळं न्हाणीघर असलेल्या घरात गेली. तुमच्या मावशीआजींना नवं घर मिळालं याचा आनंद झाला की शेजार गेल्याचं दुःख? दोन्ही झालं असेल तर कोणतं त्यांनी बोलून दाखवलं? मला विचाराल तर तुमची कादंबरी १२ जुलैवर नाहीच. ती पुराच्या थोडं आधीपासून १९७०पर्यंतची आहे, आणि पूर हे तिचं दुसरं प्रकरण आहे. पण हे ठरवणारे तुम्ही.

आता संशोधन कुठून सुरू करायचं ते. बहुतेक जण ग्रंथालयापासून सुरू करतात, कारण तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. मी सांगतो, माणसांपासून करा. वर्तमानपत्रांच्या फायली पुढच्या वर्षीही तिथेच असतील. त्या दिवशी दहा वर्षांची असलेली माणसं आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत.

बोलायला बसलात की ‘पूर कसा होता?’ असं विचारू नका. साठ वर्षं सांगून सांगून प्रत्येकाची ती गोष्ट घासून गुळगुळीत झालेली असते. सुरुवात, हशा, डोळ्यांत पाणी, सगळं जागच्या जागी. तुम्हाला हवं आहे ते त्या गोष्टीच्या बाहेर राहिलेलं. सकाळी चहा कशावर झाला, स्टोव्हवर की शेगडीवर? पायात काय होतं? घराची किल्ली कुणाकडे होती? माडीवर लघवीला कुठे गेलात? (हा प्रश्न विचारायला मला तीन मुलाखती लागल्या. विचारल्यावर मात्र आजीबाई जे बोलायला लागल्या ते दोन तास थांबल्या नाहीत.) आणि सगळ्यात उपयोगी, कागद-पेन्सिल देऊन घराचा नकाशा काढायला सांगा. देव कुठे, पाण्याचं पिंप कुठे, पाट कुठे उभे करून ठेवलेले. हात चालू लागला की तोंडाने न सांगितलेलं बाहेर येतं.

पाटावरून आठवलं. एका बाईंनी मला सांगितलं होतं की घरात पाणी दारातून आलंच नाही. आधी मोरीतून आलं. आणि त्यांना पूर आल्याचं कळलं ते पाट तरंगले तेव्हा. भांडी बुडली, पाट तरंगले. मी ही एक ओळ घेऊन घरी आलो आणि पंधरा दिवस लिहीत होतो.

माणसं चुकीचंही सांगतात. याच बाई म्हणाल्या, ‘त्या रात्री वीज गेलेली, पण चांदणं इतकं की माडीच्या खिडकीतून सगळी पेठ दिसत होती, नुसतं चिखलाचं तळं.’ मी ते लिहून घेतलं, एक सुंदर प्रकरणही लिहिलं. मग सवयीने पंचांग पाहिलं. १२ जुलै १९६१, ज्येष्ठ अमावास्या. चंद्र नव्हताच. वीज नाही, चंद्र नाही, वर जुलैचे ढग. त्या रात्री पुण्यात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसलं नसतं. अशा अंधारात बाहेर भिंती कोसळल्याचे आवाज येत असणार आणि कुणाची भिंत ते कळत नसणार. हे माझ्या चांदण्याच्या प्रकरणापेक्षा कितीतरी भयंकर होतं. प्रकरण फाडलं.

बाईंचं चांदणं मात्र फेकलं नाही. कादंबरीच्या शेवटी म्हातारी झालेली नायिका नातवाला तेच सांगते, ‘चांदणं होतं रे.’ वाचकाने आधी तो काळोख पाहिलेला असतो, त्यामुळे त्याला कळतं की इतक्या वर्षांत बाईने स्वतःसाठी एक चंद्र आणून ठेवला आहे. तेव्हा साक्षीदार चुकला म्हणून त्याला खोडू नका. खरं काय होतं ते शोधा आणि मग दोन्ही ठेवा.

पंचांगाने मला आणखी एक गोष्ट दिली. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता. त्यामुळे आषाढी उशिरा, जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. म्हणजे पालख्या पुण्यात मुक्काम करून पुराच्या तीन-चार दिवस आधीच पुढे गेल्या होत्या. १२ जुलैला माउलींची पालखी जेजुरी-वाल्ह्याच्या टप्प्यात असणार. तुमच्या वाड्यातलं कुणी वारीला गेलं असेल तर? सासू वारीत आहे, सून घरी एकटी, आणि वाटेवर कुणीतरी सांगतं, ‘पुणं वाहून गेलं.’ फोन नाही, परतीची गाडी नाही. म्हातारी मागे फिरेल की माउलींवर भार टाकून पुढे चालेल? हा प्रश्न मला कुठल्याही ग्रंथातून मिळाला नसता, तिथी मोजताना मिळाला. म्हणून माझा आग्रह असतो की कादंबरीतल्या प्रत्येक महत्त्वाच्या तारखेला वार, तिथी, सण, शाळेची सुट्टी, पाऊस हे पाच रकाने भरा. अर्धा तास लागतो. जुनी पंचांगं रद्दीवाल्यांकडे आणि भटजींच्या घरी मिळतात, आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तिथी असतेच.

कागदांबद्दल. ‘केसरी’ आणि ‘सकाळ’चे जुलै-ऑगस्ट १९६१चे अंक तर पाहालच. पुण्यात जुन्या ग्रंथालयांतून चौकशी करा, पुणे नगर वाचन मंदिर आहे, पुणे मराठी ग्रंथालय आहे. पण १३-१४ जुलैच्या मोठ्या मथळ्यांवर रेंगाळू नका, ते सगळेच वापरतात. महिनाभर पुढे जा आणि आतल्या पानांवरच्या बारीक जाहिराती वाचा. हरवले-सापडले, जागा पाहिजे, शिकवण्या पुन्हा सुरू, दुकानाचं स्थलांतर. मथळे शहराचे असतात, बारीक जाहिरातींत माणसं असतात. सरकारी चौकशीचं प्रकरणही चाळा, बावडेकर आयोग आणि न्यायमूर्ती बावडेकरांच्या निधनानंतर नाईक आयोग. पण ते कशासाठी वाचताय हे ठरवून वाचा. धरण का फुटलं याचा निकाल लावणं तुमचं काम नाही. तुम्हाला हवी आहे ती तेव्हाच्या अधिकाऱ्याची भाषा, टिपणीत जबाबदारी हळूच दुसऱ्या टेबलावर सरकवणारी. तुमच्या कादंबरीत पाटबंधारे खात्यातला एक कनिष्ठ कारकून असेल तर त्याची बोली इथे मिळेल.

जिल्ह्याचं गॅझेटियर (जुनं १८८५चं, तीन भागांत, आणि नंतरची सुधारित आवृत्ती) एकदा चाळायचं, उतारे काढायचे नाहीत. पावसाच्या आकड्यांसाठी हवामान खात्याचं पुण्यातलं सिमला ऑफिस आहे.

पण मला मिळालेला सगळ्यात मोलाचा कागद कुठल्याही कपाटात नव्हता. एका घरी, गणपतीच्या मखराच्या सामानात, पूरग्रस्त म्हणून केलेल्या अर्जाची कार्बन प्रत सापडली. नुकसानीची यादी. तांब्याचा बंब एक. पितळी डबे सात. शिवणयंत्र एक, पायाचं. गाद्या चार. तंबोरा एक, भोपळा फुटलेला. लुगडी नऊ, पैकी पैठणी एक, आणि ‘पैकी पैठणी एक’ हे शब्द नंतर खोडलेले. का खोडले? पैठणी वाचली म्हणून? की मुळात नव्हतीच आणि अर्ज लिहिणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली? घरातल्या कुणालाच सांगता आलं नाही. मीही तिथे आडवी-तिडवी चौकशी केली नाही. इतकं मिळाल्यावर कादंबरीकाराने उठून नमस्कार करावा आणि घरी जावं.

पायांनीही संशोधन होतं. एखाद्या जुलैत पुण्यात या. ओंकारेश्वराजवळ नदीकाठी उभे राहा आणि पेठांच्या आत चालायला लागा. गाडीवरून कळत नाही, पण पायाला चढ-उतार कळतो. एखादी गल्ली दहा पावलांत कमरेएवढी वर जाते. त्या दहा पावलांनी १९६१ साली कुणाचं घर बुडलं आणि कुणाचं वाचलं हे ठरलं. पाण्याची रेघ कुठवर आली होती हे काही ठिकाणी अजूनही दाखवतात. गल्लीच्या वरच्या टोकाचं घर कोरडं आणि खालच्या टोकाचं गेलं, तर दुसऱ्या दिवशी त्या दोन घरांतल्या बायकांचं बोलणं कसं झालं असेल, हे चालताना डोक्यात येतं. नकाशावर येत नाही.

चालताना एक करा, जे तेव्हा नव्हतं ते डोळ्यांनी पुसत जा. बालगंधर्व रंगमंदिर पुसा, ते १९६८चं. नदीवरचे अलीकडचे पूल पुसा. गच्च्यांवरच्या टाक्या पुसा. टीव्ही तर नाहीच, मुंबईत दूरदर्शन आलं तेच १९७२ला. रेडिओ आहे, पुणे आकाशवाणी १९५३पासून, पण वीज गेल्यावर तोही मुका. सायकली मात्र भरपूर घाला.

किरकोळ वस्तू आणि शब्द यांत जास्त घसरायला होतं. माझ्या पहिल्या कादंबरीत १९५८ सालचा एक माणूस दुकानदाराला ‘पंचवीस पैसे’ देतो. एका वाचकाने पोस्टकार्ड पाठवलं: ‘महाशय, तेव्हा नवे पैसे होते. आणि आम्ही चार आणेच म्हणत होतो.’ दोन वाक्यांत माझा सगळा अभ्यास उघडा पडला. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ला, ‘नवे’ हा शब्द गेला १९६४ला, पण तोंडातले आणे त्याच्याही पुढे कितीतरी वर्षं टिकले. वजनांचंही तेच. १९६१ हे शेर आणि किलो यांच्या मधलं वर्ष आहे. दुकानदार किलो म्हणतो, आजी शेर म्हणते आणि दोघांचा हिशेब जुळत नाही. असं वर्ष मिळणं भाग्याचं. ते तळटीपेत घालवू नका, भांडणात वापरा.

बोलीबद्दल तुम्हाला भीती वाटते आहे, तुमचं घरचं बोलणं वऱ्हाडी. खरं तर ही तुमची जमेची बाजू आहे. मावशीआजी १९५०-६०च्या सुमारास अमरावतीहून नारायण पेठेत आल्या म्हणजे त्याही परक्याच होत्या. त्यांच्या तोंडून एखादा वऱ्हाडी शब्द गेला की माजघरात कुणीतरी हसलं असणार. कादंबरी त्यांच्या कानाने ऐका. पुणेकराला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, परक्या सुनेला प्रत्येक टोमणा ऐकू येतो. तुम्ही पुण्याचे नाही ही अडचण म्हणून मांडलीत, मी तर म्हणेन पात्रही तुमच्यासारखंच निवडा, म्हणजे तुम्हाला जे माहीत नाही ते त्यालाही माहीत नसेल आणि दोघं बरोबरच शिकाल.

एक सावधगिरी. पुराच्या लिहिलेल्या आठवणी वाचाल तेव्हा त्यात सदाशिव-नारायण-शनिवार पेठांचा आवाज मोठा दिसेल. लिहिणारे तिथे राहत होते, दुसरं काय. नदीकाठचा कुंभारवाडा, पलीकडच्या वस्त्या, धरणाच्या कामावर आलेले वडार मजूर, यांनी आठवणी सांगितल्या पण छापल्या कुणी? आणि पानशेतच्या खोऱ्यातली ती गावं, जी आधी धरणासाठी उठली आणि मग त्याच धरणाचा रिकामा चिखल बघत राहिली. पेठेतला पूरग्रस्त आणि खोऱ्यातला धरणग्रस्त एकाच कचेरीच्या रांगेत समोरासमोर आले तर काय बोलतील? तुमच्या कादंबरीत हे सगळं यावंच असं नाही. पण तुमच्या नायिकेकडे काम करणारी बाई कुठे राहत होती, हे तुम्हाला माहीत पाहिजे. कामवाली त्या दिवसानंतर आलीच नाही, आणि महिनाभर कुणी चौकशीही केली नाही, इतकं एक वाक्य पुरे होतं.

आता ‘किती करू?’ माझ्या तिसऱ्या कादंबरीसाठी मी अडीच वर्षं टिपणं काढली. अकरा वह्या झाल्या. मग लिहायला बसलो तर प्रत्येक पात्र उठून वहीतलं वाचून दाखवू लागलं. ती कादंबरी अजून माळ्यावर आहे. टिपणं सुंदर आहेत. पुराच्या बाबतीत नवा लेखक साधारण असं लिहितो: ‘१२ जुलै १९६१. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन जेमतेम चौदा महिने झाले होते. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. मुठेच्या काठी वसलेल्या या विद्येच्या माहेरघरात…’ एकही शब्द खोटा नाही, आणि एकही माणूस नाही. माझ्या वहीतलं हे पाहा:

‘मोरीतून पाणी वर आलं तेव्हा इंदूला वाटलं, वरच्यांनी बंब रिकामा केला. “अहो काकू, जरा बघून!” ती ओरडली. उत्तर आलं नाही. तिने फडकं टाकलं, पायाने दाबलं. फडकं हलकं झालं आणि तिच्या पायाखालून निघून गेलं. माजघरातला पाट भिंतीपासून सुटला, आणि कुणी जेवायला बोलवावं तसा शांतपणे दाराकडे चालू लागला.’

यात साल नाही, धरण नाही. बंब, मोरी, वरचे-खालचे, पाट, एवढंच. पण हे लिहायला मला त्या वाड्याचं सांडपाणी कुठून कुठे जायचं ते माहीत असावं लागलं. संशोधन पुरे झालं हे मी असं ओळखतो: पात्राला सकाळी उठवून रात्री झोपेपर्यंत डोळे मिटून चालवता आलं, आणि मध्ये कुठेही ‘इथे काय असेल बरं?’ असं अडलं नाही, की वह्या बंद. त्या आधीही एखादं प्रकरण लिहून पाहायला हरकत नाही. उलट लिहाच, कारण काय माहीत नाही हे लिहितानाच कळतं. अडलं तिथे कंसात ‘शोधणे’ असं लिहून पुढे जा. निम्म्या कंसांची नंतर गरजच पडत नाही.

तुम्ही विचारलेलं नाही तरी एक सांगतो, कारण मला या विषयात सगळ्यात जास्त कादंबरी इथे दिसते. पुण्यातल्या जुन्या घरांत एक वाक्य आहे, ‘पुरात गेलं.’ आजोबांची सनद कुठे आहे? पुरात गेली. लग्नातला फोटो? पुरात गेला. पत्रं? पुरात. माझ्या ओळखीच्या एका घरात तर १९६१ साली पेठेत राहतच नव्हते, तरी त्यांची वाटणीची कागदपत्रं पुरात गेलेली आहेत! या वाक्यापुढे कुणी प्रश्न विचारत नाही. मग कुणीतरी, कधीतरी, वाहून न गेलेली एखादी वस्तू या वाक्यामागे नक्कीच लपवली असेल. मृत्युपत्र, दागिना, एखादं नाव. कुणी आणि का, ते तुमच्या वाड्यातल्या माणसांना विचारा.

आणि मावशीआजींकडे जाल तेव्हा काय गेलं ते विचारू नका, ते त्यांनी खूपदा सांगून झालं आहे. काय वाचलं ते विचारा. माडीवर चढताना हातात काय होतं, ते कुणी दिलं, ते आज कुठे आहे. दुपारी चारच्या पुढे जा, झोप झालेली असते. फोन रेकॉर्डिंगला लावून त्यांच्यासमोर ठेवाल तर त्या पुस्तकी बोलतील, परवानगी घेऊन तो जरा बाजूला ठेवा. अमरावतीहून काही खायचं नेता आलं तर न्या. आणि त्या उठून कपाटाकडे जायला लागल्या, तर मध्येच ‘राहू द्या हो’ म्हणू नका.